एकही दार उघडलं नाही

मंगळवारी दुपारी धनगराची सून आमच्या मदत समितीच्या खोलीत आली. तिच्या हातात समितीचं छापील पत्रक होतं. ते मी लिहिलं होतं. ती म्हणाली, पिंजाऱ्याला तुरुंगात ठेवलंय आणि या कागदामुळं त्याला सोडत नाहीत.

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. तिची सासू मात्र दाराशी भिंतीला टेकून बसली आणि धाप टाकत राहिली. शहराबाहेर हर्सूलच्या रस्त्यावर निराश्रितांचे तंबू होते, तिथून उस्मानपुऱ्यापर्यंत दोघी चालत आल्या होत्या.

"वाच," सून म्हणाली. "त्या सायबानं वाचून दाखवलं मला. पर मला वाटलं, तो भलतंच कायतरी वाचतोय. तू वाच."

मी वाचलं. पत्रकात तिच्या खेड्याचं नाव होतं, ते इथं देत नाही. वेरूळच्या पलीकडं डोंगराला लागून असलेलं, वीस-पंचवीस घरांचं ते गाव. बाकी मजकूर मला अजून पाठ आहे. 'ही धनगर भगिनी. पती मेंढरांमागे गेला असता हत्यारबंद टोळीने त्यास ठार केले. वृद्ध सासूचा हात धरून ती गावभर आसरा मागत फिरली. एकही दार उघडले नाही. आज ती आपल्या दारी उभी आहे.' त्याखाली जुने कपडे, घोंगड्या, धान्य कुठं पाठवायचं तो पत्ता.

ती ऐकून घेत होती. मी थांबल्यावर तिनं आणखी काही येईल म्हणून वाट पाहिली.

"आन् पिंजारी मामू?"

"मामूचं यात नाही."

"मी सांगितलं व्हतं की तुला. तू लिवलंस बी. वाचून दाखवलंस, मग मी अंगठा दिला."

"अंगठा दुसऱ्या कागदावर दिला असशील, बये," सासू दारातून म्हणाली. "शिकल्या मान्सांकडं लई कागद असत्यात."

म्हातारीचं बरोबर होतं. कागद दोन होते.

हिंदी फौज शहरात येऊन तेव्हा दोन-अडीच महिने झाले होते. त्याआधीचं वर्ष सगळ्या मुलखानं भीतीत काढलं होतं. निजामाच्या बाजूनं उठलेल्या टोळ्या खेड्यांतून फिरत होत्या, आणि फौज आल्यावर काही ठिकाणी सूड उलट्या दिशेनं निघाला. थंडी सुरू झाली तेव्हा दोन्हीकडचे लोक घरं सोडून शहरात आले होते. माझ्या वडिलांचे एक स्नेही, पूर्वीचे शाळामास्तर, समितीचे चिटणीस झाले. बायकांशी बोलायला, बसून लिहून घ्यायला त्यांना कुणी मुलगी हवी होती. मी एकोणीस वर्षांची. शाळा उर्दूतून झालेली, मराठी घरी वडिलांच्या पुस्तकांवर शिकलेली. दोन्ही लिप्यांत अक्षर बरं होतं. घरात बसून मी काही करत नव्हते, म्हणून वडिलांनी पाठवलं.

कामाची रीत अशी. आधी हकीकत वहीत उतरून घ्यायची. बोलणारी जशी बोलेल तशी, तिच्याच शब्दांत. पूर्ण झाली की तिला वाचून दाखवायची आणि खाली अंगठा घ्यायचा. वही कपाटात राही. नंतर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या टेबलावर, वहीतल्या एखाद्या हकीकतीवरून पत्रक करायचं. ते मुंबई-पुण्याकडं, नागपूरकडं जाई, आणि काही प्रती शहरातल्या कचेऱ्यांनाही वाटल्या जात. पत्रक बाईला वाचून दाखवायचं असं कुणी कधी म्हटलं नाही. मलाही सुचलं नाही. वही तिची आणि पत्रक आमचं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

चिटणीसकाका चांगले होते. स्वतःची शाल त्यांनी पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी देऊन टाकली होती आणि सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राची घडी घालून ते कामाला बसत. हलले की कागद वाजे. पत्रक कसं लिहायचं ते त्यांनी मला शिकवलं. "वाचणारा लांब आहे," ते म्हणत. "तो सकाळी चहा घेताना हे वाचणार. त्याला आपला जिल्हा माहीत नाही, आपली भांडणं माहीत नाहीत. कोण कुणाच्या बाजूचं, आधी कुणी काय केलं, हे सांगत बसलीस की तो पान उलटणार. त्याला एक बाई दाखव. तिचं एक दुःख दाखव. मग तो उठून ट्रंक उघडेल." हे खरं होतं. त्या रीतीनं लिहिलेल्या पत्रकांनंतर घोंगड्यांचे गठ्ठे आले आणि तंबूतली माणसं थंडीत तगली. मी ते गठ्ठे स्वतः सोडलेले आहेत.

वहीत त्या सुनेनं सांगितलेलं असं होतं. नवरा मेंढरांमागं गेला होता तिथंच मारला गेला. मेंढरं टोळीनं हाकून नेली. गावात ओरडा झाला तशी ती सासूला घेऊन घराच्या मागून निघाली आणि पहिल्यांदा लागलं ते पिंजाऱ्याचं घर. सगळं गाव त्याला मामू म्हणत असे. गाद्या-रजया करणारा एकटा मुसलमान माणूस. त्यानं दोघींना आतल्या खोलीत कापसाच्या ढिगाखाली घातलं आणि स्वतः बाहेरच्या खोलीत पिंजायला बसला. सासूला दम्याचा खोकला. ती आत खोकली की तो पिंजणीच्या ताणलेल्या तातीवर जोरानं ठोका मारी. टोळीची माणसं आली, दारात उभी राहिली. कापसाची धूळ एवढी उडत होती की कुणी आत पाऊल घातलं नाही. एकानं विचारलं, आत कोण आहे? मामू म्हणाला, जाऊन बघा, पण तोंडाला फडकं बांधा, नाही तर माझ्यासारखी छाती होईल. ते गेले. दुपारपर्यंत मामू पिंजत राहिला. पिंजायला काही उरलं नव्हतं तरी पिंजत राहिला. मग अंधार पडायच्या आत त्यानं दोघींना डोंगराच्या वाटेनं वेरूळपर्यंत आणून सोडलं.

हे मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं होतं. म्हातारी मध्येच म्हणाली होती, "लिव, की कापूस नाकात गेला तो अजून निघतोय." तेही लिहिलं होतं.

पत्रक करताना मी काकांना ही हकीकत वाचून दाखवली. पिंजाऱ्यापाशी त्यांनी मला थांबवलं.

"हे फार सुंदर आहे," ते म्हणाले. "पण आत्ता नको. लोक गोंधळतील. मारणारेही त्यांच्यातले आणि वाचवणाराही, मग नक्की काय म्हणायचंय, असं विचारतील. पुढं कधीतरी त्याचं वेगळं लिहू."

मी मान हलवली. मग पिंजाऱ्याच्या ठिकाणी खिंडार राहिलं. घरातून निघाली आणि एकदम शहरात आली, असं वाचायला विचित्र लागत होतं. मध्ये काहीतरी हवं होतं. मी लिहिलं, ती गावभर आसरा मागत फिरली, एकही दार उघडले नाही. काकांनी वाचलं. म्हणाले, वाक्य चांगलं आलंय. त्यांना वाटलं वहीतलंच असेल.

ते वहीतलं नव्हतं. माझा मोठा भाऊ त्या वर्षी निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या शिबिरात गेला होता. एका संध्याकाळी तो आणि त्याचा सोबती पाठलाग चुकवत एका खेड्यात शिरले. भावाच्या मांडीला गोळी लागली होती. सोबत्यानं आम्हाला येऊन सांगितलं ते एवढंच, की दादानं दारं वाजवली. एकही दार उघडलं नाही. सकाळी तो गावाबाहेरच्या बांधाला टेकलेला सापडला. त्या खेड्यात आमच्या लोकांचीच घरं होती. ते घाबरलेले होते, हे मला आज कळतं. तेव्हाही कळत होतं, पण उपयोग नव्हता. ते वाक्य माझ्यात बसलं होतं आणि जागा मिळाली तिथं ते बाहेर आलं.

पत्रक छापून आल्यावर मी एक प्रत घरी नेली होती. आईनं वाचायला सांगितलं. त्या ओळीशी तिनं मला हातानं थांबवलं.

"हे त्या बाईचं नाही," आई म्हणाली. "हे आपलं आहे."

तिनं पुढं काही विचारलं नाही. पत्रक घडी करून तिनं दादाच्या कपड्यांत ठेवलं. तिला त्यातून थोडं बरं वाटलं असावं, आणि मलाही वाटलं होतं. माझ्या भावाचं मरण, नाव नसलेलं का होईना, छापून लांबवर गेलं होतं.

आता सुनेनं सांगितलं ते असं. फौज आल्यावर धरपकड झाली तेव्हा कुणीतरी पिंजाऱ्याकडं बोट दाखवलं, की टोळी याच्या दारात उभी राहून बोलली, हा त्यांच्यातलाच. टोळी त्याच्या दारात खरंच उभी राहिली होती. त्याला धरून नेलं. सुनेला तंबूत कळलं तशी ती कचेरीत गेली आणि चौकशी अधिकाऱ्याला म्हणाली, या माणसानं आम्हाला वाचवलं. अधिकाऱ्यानं तिचं गाव विचारलं, समोरच्या गठ्ठ्यातून आमचं पत्रक काढलं आणि तिला वाचून दाखवलं. तुमच्याच समितीनं छापलंय की एकही दार उघडलं नाही. मग याचं दार कुठून आलं? तुला कुणी पढवून पाठवलंय? पिंजाऱ्याचा निर्णय शुक्रवारी व्हायचा होता.

काका आले तेव्हा त्या दोघी तिथंच होत्या. मी सगळं सांगितलं. काकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"वही आहे," मी म्हणाले. "वहीत सगळं आहे. अंगठाही आहे."

"वही दाखवायची म्हणजे पत्रक खोटं होतं म्हणायचं," काका हळू म्हणाले. "हे एक पत्रक नाही गं. उद्या कुणीही म्हणेल की यांची सगळीच पत्रकं अशी. बाहेर तंबूत एवढी माणसं आहेत, थंडी अजून दोन महिने आहे. एका माणसासाठी—"

"तो एक मानूस हाय," म्हातारी म्हणाली, "आन् तुमचं पत्रक बी एकाच बाईचं हाय की, मास्तर. तवा नाय म्हनलास, एकीसाठी कशाला."

काका हसले, पण ते हसणं फार टिकलं नाही.

"सासूबाई, तुम्ही शाळेत असता तर मला काम नव्हतं."

"शाळेत असते तर मेंढरं कुनी राखली असती?"

मला आता सांगितल्याशिवाय राहणं शक्य नव्हतं. मी म्हणाले, "काका, तुम्ही पिंजारी काढलात. पण दारांचं वाक्य मी घातलं. तिनं ते कधीच सांगितलं नव्हतं. ते दादाचं आहे."

काकांना दादा माहीत होता. त्यांनीच त्याला गणित शिकवलं होतं. ते उठले, खिडकीपाशी गेले, त्यांच्या सदऱ्यातला कागद वाजला. सुनेला काही समजलं नव्हतं. तिनं मला विचारलं, "दादा कोन?"

"माझा भाऊ. गेला."

"कवा?"

"याच वर्षी."

ती मग पहिल्यांदा खाली बसली. माझ्या शेजारी. म्हणाली, "मग तसं लिवायचं. माझ्यात कशाला घातलंस?" तिच्या आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी कपाटातून वही काढली, फडक्यात बांधली आणि आम्ही चौघं कचेरीत गेलो. अधिकारी नागपूरकडचा होता, मराठी बोलणारा, डोळे लाल, रोज अशी कितीतरी माणसं पाहून थकलेला. त्यानं एका हातात पत्रक धरलं, समोर वही उघडली.

"यातलं खरं कोणतं?" त्यानं विचारलं. "छापलेलं की लिहिलेलं?"

"लिहिलेलं," काका म्हणाले. "छापलेल्याची जबाबदारी माझी. मी चिटणीस आहे."

"म्हणजे बाई खोटं बोलली नव्हती. तुम्ही बोललात."

"होय."

"का?"

काकांनी घोंगड्यांचं, वाचणाऱ्यांचं सांगितलं. अधिकारी ऐकत होता, पण बोट त्या ओळीवरच होतं. "पिंजारी वगळलात, ते समजलो. पण ही दारं? वगळणं वेगळं आणि हे वेगळं."

मग मला बोलावं लागलं. कचेरीत कारकून होते, शिपाई होते, बाकावर इतर गावांचे लोक होते. दादाबद्दल मी घराबाहेर कधी बोलले नव्हते. मी उभी राहून सांगितलं की हे वाक्य माझ्या भावाच्या मरणाचं आहे आणि मी ते या बाईच्या हकीकतीत घातलं. कोणत्या खेड्यात, असं त्यानं विचारलं. तेही सांगितलं. बाकावरचा एक माणूस उठून बाहेर गेला. तो त्या गावचा होता की नाही, मला माहीत नाही.

अधिकाऱ्यानं वहीतली हकीकत सुनेला सुरुवातीपासून सांगायला लावली. ती सांगत गेली आणि तो वहीतल्या ओळींवरून बोट फिरवत राहिला. सासूच्या खोकल्यापाशी आल्यावर म्हातारीला खरंच खोकला आला. अधिकाऱ्यानं वर पाहिलं.

"आता तात वाजवायला कुनी नाय," म्हातारी म्हणाली.

शुक्रवारी पिंजारी सुटला. दुसऱ्या दिवशी तो समितीच्या खोलीबाहेर येऊन बसला. आत आला नाही. वाळलेला, दाढी वाढलेली, आणि बोलताना छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज. त्यानं मला ते पत्रक वाचून दाखवायला सांगितलं. मी नको म्हणत होते. तो म्हणाला, "जिसके मारे अंदर रहा वो सुनने तो दो, बाई." मी वाचलं.

तो ऐकून हसायला लागला आणि हसता हसता खोकायला.

"यह तो सच है की," तो म्हणाला. "माझं दार उघडायला बंद कवा होतं? धूळ कोंडती म्हणून फळ्या कवाच काढून टाकल्या. तुमचं काय चुकलं नाय."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यानं हात हलवला. "भाई होता ना तुमचा. अल्ला उसको अच्छी जगह दे. त्या गावात पन एखादा पिंजारी असता तर."

तो गावी परत गेला नाही. तो तुरुंगात असताना त्याचं घर जळलं होतं. कुणी जाळलं ते त्यानं सांगितलं नाही, आणि त्या वेळी गावात कोण होतं हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून आम्ही विचारलं नाही. त्यानं शहरात गाद्या भरायचं काम धरलं.

काकांनी दुसरं पत्रक काढलं. ते लिहायला मला आठ दिवस लागले. पहिलं तासाभरात झालं होतं. यात पिंजारी होता, कापूस होता, म्हातारीचा खोकला होता. आधीच्या पत्रकात काय चुकलं तेही पहिल्या ओळीत होतं. आणि शेवटी काकांनी स्वतः एक परिच्छेद जोडला, की आमच्या दाराशी मुसलमान विधवाही येतात, त्यांची हकीकत आम्ही आजवर छापली नाही, पुढं छापू. त्या बायका खरोखर येत होत्या. सकाळपासून ओसरीवर बसत. वहीत त्यांच्या हकीकती होत्या, मी उर्दूत उतरवलेल्या, अंगठ्यांसकट. त्यांच्यावरून पत्रक करा असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मीही नाही.

या पत्रकानंतर गठ्ठे कमी आले. एका गावाहून पत्र आलं, की आधी खरं काय ते ठरवा आणि मग मागा. काकांनी ते मला दाखवलं आणि फाइलला लावलं. त्या थंडीत घोंगड्या पुरल्या नाहीत. तंबूत काही म्हातारी माणसं गेली. त्यांतल्या कुणाला पहिल्या पद्धतीच्या पत्रकानं वाचवलं असतं का, हे मी काकांना कधी विचारलं नाही. त्यांनी स्वतःला विचारलं असणार. ते आणखी दोन वर्षं समितीत होते आणि त्यांनी पुन्हा बाईला वाचून दाखवल्याशिवाय एकही पत्रक छापखान्यात जाऊ दिलं नाही.

आईला मी कचेरीतलं सगळं सांगितलं. तिनं दादाच्या कपड्यांतून ते पत्रक काढलं आणि मला परत दिलं. म्हणाली, "आता हे त्यांचं आहे की नाही, ते त्यांना विचार." मी सुनेला विचारलं. तिला ते नको होतं. मग मी ते फाडलं नाही, पण कुठं ठेवलं ते आता आठवत नाही.

सासू दुसऱ्या वर्षी गेली. पिंजारी त्यानंतर काही वर्षांनी, छातीच्याच दुखण्यानं. सून शेवटी त्याच्या घरी रोज भाकरी पोचवत होती. काकाही गेले. सून आणि मी पुढंही भेटत राहिलो. ती मला मेंढरांच्या लोकरीबद्दल सांगे, मी तिला वाचून दाखवी. पुस्तक कुठलंही असो, मध्येच विचारी, "हे त्यानं खरंच सांगितलं व्हतं, का लिवणाऱ्यानं घातलं?" मला ते दर वेळी लागे, आणि तिला ते ठाऊक होतं की नाही, ते कळलं नाही.

ती या उन्हाळ्यात वारली. तिच्या दिवसांनंतर मी दुसरं पत्रक शोधायला निघाले. तिच्या माणसांना द्यावं, असं वाटलं. समिती कधीच बंद झाली. वह्यांचं काय झालं, ते कुणाला सांगता आलं नाही. शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात त्या वर्षाच्या कागदांचा एक गठ्ठा आहे. ग्रंथपालानं मला तो दोन दिवस बघू दिला. त्यात पहिलं पत्रक आहे. दुसरं नाही.